खाली गेरू, वर चुना

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, कोलंबस शहराला लागून डब्लिन नावाचं गाव आहे. तिथे एखादं मराठी कुटुंब नवं घर घेतं तेव्हा आतल्या भिंती बहुधा एकाच रंगाच्या मिळतात: फिकट करडा, नाहीतर बदामी. बैठकीच्या खोलीला स्वतःचा रंग द्यायचं ठरलं की दुकानातून रंगांचे नमुने घरी येतात आणि त्यांतले दोन हमखास समोरासमोर ठेवले जातात. एक दुधाळ पांढरा, दुसरा भाजलेल्या मातीचा. शेर्विन-विल्यम्स या कंपनीच्या यादीत पहिल्याला अ‍ॅलाबास्टर म्हणतात, दुसऱ्याला कॅव्हर्न क्ले. पहिला कंपनीने २०१६ सालचा रंग म्हणून जाहीर केला होता, दुसरा २०१९ सालचा. मग घरात चर्चा रंगते. पांढऱ्याने खोली मोठी दिसेल, पण तो मळेल. मातकटाने ऊब येईल, पण अंधारून जाईल. दोघांपैकी एकच घ्यायचा, हे मात्र कुणी न बोलता ठरलेलंच असतं.

हे न बोलता ठरलेलं कुठून आलं? या दोन रंगांची मराठी भिंतीशी ओळख तर फार जुनी आहे. ते आपले चुना आणि गेरू. एकाच भिंतीवर दोघं नांदत होते, दोघांना आपापली जागा होती आणि आपापलं काम होतं. त्यांना एकमेकांसमोर उभं करून निवड करायला लावणारा प्रश्न रंग डब्यात भरून विकला जाऊ लागल्यावर जन्मला. आणि तो डबा जिथे आकाराला आला त्या जागांमध्ये ओहायोचं नाव अगदी वर आहे. म्हणून डब्लिनमधल्या भिंतीपासून मागे जात हा माग काढायला हवा.

दगड आणि गंज

चुना म्हणजे भाजलेला दगड किंवा भाजलेली शिंपली. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी पडलं की तो फसफसतो, वाफा सोडतो, फुलतो आणि मऊ लगदा होतो. तो पातळ करून भिंतीवर फिरवला की हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड बनतो. चुन्याची भिंत म्हणजे दगडाचा कागदासारखा पातळ थर असतो. म्हणूनच ती वारा घेते, ओल आत कोंडत नाही आणि दरवर्षी नवा हात दिला तरी पोपडे धरत नाही.

दख्खनच्या काळ्या पाषाणात चुनखडीचे मोठे साठे जवळपास नाहीतच. त्यामुळे देशावर काळ्या मातीत आणि ओढ्याकाठी सापडणारे चुनखडीचे खडे गोळा करून भाजत. किनाऱ्यावर शिंपल्या भाजत. भट्टी लावणं हा लोणारी समाजाचा पिढीजात व्यवसाय. बांधकामाचा चुना बैलांच्या घाण्यात मळला जाई, त्यात गूळ, हिरडा, बेलफळ असे पदार्थ पडत. भिंतीला हात द्यायचा चुना वेगळा: कळीचा चुना पिंपात भिजत घालायचा, फडक्यातून गाळायचा, पिवळट दिसू नये म्हणून चिमूटभर नीळ, कपड्यांना लागू नये म्हणून थोडा डिंक किंवा मीठ, आणि मग कुंचा.

गेरूला भट्टीची गरज नाही. तो जमिनीतून तयारच निघतो. गेरू म्हणजे माती आणि लोखंडाचा गंज. कोकणातला जांभा लाल दिसतो तो याच गंजामुळे. पिवडी हा त्याचा सख्खा भाऊ. पिवडीत लोखंडाबरोबर पाणी बांधलेलं असतं. ती तापवली की पाणी निघून जातं आणि पिवळ्याचा लाल होतो. लोखंड एकदा पुरतं गंजलं की आणखी बदलायला त्यात काही उरत नाही, म्हणून गेरू उन्हाने उडत नाही.

या दोघांची जोडी जमण्यामागे नुसती सौंदर्यदृष्टी नव्हती. ओला चुना फार तीव्र अल्कधर्मी असतो. फुलापानांचे बहुतेक रंग त्यात मिसळले की मरतात. गेल्या तीनशे वर्षांत युरोपात गाजलेला प्रशियन निळाही चुन्यात टिकत नाही. लोखंडाच्या माती मात्र टिकतात. चुन्याशेजारी, चुन्याखाली, चुन्याच्या आत राहू शकेल असा स्वस्त आणि पक्का रंग शोधायला निघालेला कुठलाही कारागीर शेवटी गेरूपाशीच येणार होता.

गेरूचा वापर माणसाच्या घराहूनही जुना आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेत सुमारे १ लाख वर्षांपूर्वी कुणीतरी गेरू वाटून शिंपल्यात कालवला होता. तो शिंपला आणि वाटायचे दगड सापडले आहेत. अजिंठ्याच्या चित्रकाराने खडकावर माती, तूस आणि झाडांचे धागे यांचा गिलावा केला, त्यावर पांढरा पातळ थर दिला आणि त्या पांढऱ्यावर पहिली रेघ ओढली ती गेरूची. अंगाचे, वस्त्रांचे, दागिन्यांचे रंग नंतर भरले गेले. आणि डब्लिन जिथे वसलं आहे त्या ओहायोच्या खोऱ्यात, दोन हजार वर्षांपूर्वी मातीचे मोठे बांध आणि टेकाडं रचणाऱ्या अडीना लोकांनी आपल्या माणसांना पुरताना गेरू वापरला. त्या काळातल्या मातीच्या रचना डब्लिनच्या फेरिस-राइट पार्कमध्ये आजही जपल्या आहेत.

खालचा आणि वरचा

कोकणातल्या जुन्या घराची भिंत आठवून पाहा. जोत्यापासून हातभर किंवा कंबरेपर्यंत गेरू, त्याच्या वर चुना. पावसाळ्यात पागोळ्या अंगणात पडतात आणि लाल चिखल भिंतीवर उडतो. पांढरी भिंत असली तर महिन्याभरात खालून रंगून जाईल. तिथे आधीच लाल लावला तर उडालेला चिखल भिंतीत मिसळून जातो. आत ओटीवर माणसं पाठ टेकून बसतात, मुलं भिंतीला हात लावत चालतात, पोतेऱ्याचे फराटे कडेने उठतात. हा सगळा स्पर्श जमिनीपासून कंबरेपर्यंतच असतो. तिथवर गेरू. त्याच्या वर हात पोहोचत नाहीत, तिथे उजेडाचं राज्य. अरुंद खिडकीतून आणि उघड्या दारातून आलेला थोडा प्रकाश चुना खोलीभर पसरवतो. दिवा एकच असला तरी पांढरी भिंत त्याचं काम वाढवते.

ही वाटणी वर्षाच्या चक्रातही बसवलेली होती. चुन्याचा हात दिवाळीआधी, म्हणजे पावसाची बुरशी धुऊन काढायच्या वेळी. गेरू सणासणाला: तुळशीवृंदावन, उंबरठा, चूल, रांगोळीखालची जमीन. पांढऱ्याची देखभाल वर्षातून एकदा आणि बहुधा गड्याच्या हातून. गेरूची देखभाल वरचेवर आणि घरातल्या बाईच्या हातून. माणसाच्या सर्वांत जवळचा पट्टा बाईने सांभाळला, आणि जिथे लाल-पांढऱ्याची कला फुलली तिथेही अनेकदा तिचाच हात होता.

डहाणू-तलासरीच्या वारली घरात कुडाच्या भिंतीवर शेण आणि गेरूचा हात देऊन त्यावर तांदळाच्या पिठाने लग्नचौक काढला जातो. मध्ये पालघट देवी. तो काढतात सवाष्णी, आणि लग्नविधीची गाणी म्हणते धवलेरी. चौकाशिवाय लग्न लागत नाही. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींनी हे चित्र दिल्लीपर्यंत नेलं आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ते विधीच्या बाहेर काढून गोष्ट सांगणारं केलं. मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. कागदावर आणि कापडावर आलेल्या वारली चित्रानेही लाल जमीन आणि पांढरी रेघ सोडली नाही. त्या दोघांतला विरोध हाच चित्राचा उजेड आहे.

दक्षिणेकडे गोवा, सिंधुदुर्ग आणि कारवारच्या पट्ट्यात या जोडीने आणखी एक वाट काढली. तिला कावी म्हणतात. शिंपल्यांचा चुना, वाळू आणि गूळ कुटून, दिवसेंदिवस मुरवून भिंतीवर गिलावा चढवायचा. तो ओला असतानाच त्यावर जांभ्या मातीतल्या कावेचा लाल थर द्यायचा आणि नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घोटायचा. मग लोखंडी टोकाने लाल थर खरवडत जायचं. जिथे खरवडलं तिथे आतला पांढरा उघडा पडतो आणि त्यातून वेली, मोर, देवदेवता, ताऱ्यांच्या आकृती उमटतात. इथे कुंचला नाहीच. पांढरा रंग लावलेला नसतो, तो लालामागून बाहेर काढलेला असतो. उत्तर गोव्यात मोरजीच्या मोरजाई मंदिरात अशी भिंत पाहायला मिळते. होन्नावरचे कृष्णानंद कामत यांनी गावोगाव फिरून या कामाची नोंद ठेवली. पण त्याच काळात अनेक देवळांनी जीर्णोद्धाराच्या नावाखाली कावीवर तेलरंग किंवा फरशी चढवली आणि शंभर-दोनशे वर्षांचं काम काही दिवसांत गेलं. सागर नाईक मुळे यांच्यासारखे गोव्यातले चित्रकार आज ही रीत पुन्हा हातात घेत आहेत. त्यांच्या मागे उभं राहणं हे आपलं कर्तव्य आहे, कारण एकदा झाकलेली कावी तेलरंग खरवडून परत मिळवणं जवळजवळ अशक्य असतं.

पांढऱ्याला आलेला अधिकार

चुना आणि गेरूच्या वाटणीत पहिला मोठा बदल रोगराईने केला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. पुढच्या वर्षी पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखालच्या तुकड्या घराघरांत शिरल्या. सामान रस्त्यावर, जमिनी खणलेल्या आणि भिंतींना सक्तीचा चुना. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या त्यामागे या घुसखोरीचा संताप होता. चुना जंतू मारतो हे खरंच आहे. पण प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये मांडलं. भिंत पांढरी करून ती साथ थांबणार नव्हती. तरी एक समजूत पक्की झाली: पांढरं म्हणजे स्वच्छ, आणि स्वच्छ म्हणजे सरकारमान्य. दवाखाने, शाळा, कचेऱ्या वरपासून खालपर्यंत पांढऱ्या होऊ लागल्या.

तरीही जुनी वाटणी अनपेक्षित ठिकाणी तग धरून राहिली. सार्वजनिक बांधकाम खात्याने रस्त्याकडेच्या वडा-चिंचांच्या बुंध्यांना गेरू आणि चुन्याचे पट्टे दिले. शाळेचे व्हरांडे, एसटीचे थांबे, चाळीचे जिने यांना कंबरेपर्यंत गडद तपकिरी किंवा लाल तेलरंग आणि वर चुना ही रीत झाली. बाजारातला तेलरंग कोकणातल्या गेरूच्या जागी येऊन बसला आणि त्याने तीच उंची राखली. माणसाचा हात आणि पाठ जिथे पोहोचते ती रेघ बदलण्याचं कारणच नव्हतं.

या तेलरंगांत मात्र विष होतं. जुना पांढरा तेलरंग म्हणजे सफेदा, आणि सफेदा म्हणजे शिसं. देवाला चढणारा शेंदूरही शिशाचाच. शिशाचा पांढरा भिंत छान झाकतो, पण त्याचे पोपडे आणि धूळ लहान मुलांच्या पोटात गेली की मेंदूवर परिणाम होतो. अमेरिकेने घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी घातली. भारतात शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा कमी ठेवण्याचा नियम २०१६ मध्ये झाला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. मधल्या ३९ वर्षांत आपल्या किती पिढ्या त्या भिंतींना हात लावत मोठ्या झाल्या, याचं दुःख वाटल्याशिवाय राहत नाही. चुना आणि गेरू या दोघांनी कधी कुणाचं मूल असं आजारी पाडलं नव्हतं.

ओहायोचा डबा

आता पुन्हा डब्लिनकडे. १८१० मध्ये जॉन शील्ड्स या आयरिश भूमापकाने सायोटो नदीकाठी गावाची आखणी केली आणि आपल्या जन्मगावाचं नाव दिलं. या नदीने जो खडक उघडा केला आहे तो चुनखडीचा. सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. त्यातल्या प्रवाळांच्या आणि शिंपल्यांच्या सांगाड्यांचा हा दगड झाला. गावातल्या इंडियन रन ओढ्याचा धबधबा याच दगडावरून पडतो, जुन्या शेतांच्या कोरड्या रचलेल्या भिंती याच दगडाच्या, आणि कोलंबसमधली राज्य विधिमंडळाची इमारतही याच जातीच्या दगडातून उभी आहे. कोकणात शिंपल्या थेट समुद्रातून येत, इथे त्या दगड होऊन थांबल्या होत्या.

ओहायोच्या पहिल्या शेतकऱ्यांनीही हा दगड भाजला आणि तळघरांना, दुधाच्या खोल्यांना, गोठ्यांच्या आतल्या भिंतींना चुना दिला. गोठ्याच्या बाहेरच्या लाकडाला मात्र लोखंडाच्या लाल मातीत जवसाचं तेल घालून लावलं. ओहायोतून गाडीने जाताना आजही दिसणारी लाल धान्यकोठारं त्या रिवाजाची. लाल लाकूड वाचवायला, पांढरा उजेड आणि स्वच्छता ठेवायला. तिथेही दोन रंग, दोन कामं. वॉशिंग्टनमधलं अध्यक्षांचं निवासस्थान पहिल्यांदा पांढरं झालं ते १७९८ मध्ये, दगड थंडीत फुटू नये म्हणून दिलेल्या चुन्याच्या हातामुळेच.

या घडीला बदल आला तो डब्यातून. तोवर रंगारी रंगाची पूड आणि तेल वेगवेगळं आणून कामाच्या जागी घोटत असे. १८६७ मध्ये ओहायोच्याच डी. आर. अ‍ॅव्हरिल यांनी तयार मिसळलेल्या रंगाचं पेटंट घेतलं. तीन वर्षांनी, १८७० मध्ये, हेन्री शेर्विन आणि एडवर्ड विल्यम्स यांनी क्लीव्हलंडला भागीदारी सुरू केली. १८७० च्या दशकात त्यांनी तयार रंग आणि पुन्हा बंद करता येणारा पत्र्याचा डबा बाजारात आणला. झाकण उघडा, ढवळा आणि लावा. घोटणाऱ्या कारागिराची गरज संपली आणि घरमालक स्वतः रंग निवडू लागला. त्याच्यासाठी रंगांचे नमुने छापून आले.

नमुन्याच्या पत्रिकेने एक गोष्ट गुपचूप बदलली. तिथे प्रत्येक रंगाला सारख्याच आकाराची चौकट मिळते. गेरू जमिनीजवळचा, चुना वरचा, हे तिच्यावर दिसत नाही. लाल का टिकतो आणि पांढरा का उजळवतो हेही दिसत नाही. सगळे रंग एकाच पातळीवर उभे राहतात आणि आपण त्यांची आवडीनिवडीच्या हिशोबात तुलना करू लागतो. काम आणि जागा या दोन गोष्टी गळून पडल्या की तुलनेत फक्त चव उरते.

दुसऱ्या महायुद्धाने हा बदल पुरा केला. जवसाच्या तेलाची टंचाई झाली तेव्हा शेर्विन-विल्यम्सने १९४१ मध्ये केम-टोन हा पाण्यात मिसळणारा रंग काढला. त्यात दुधातल्या केसिनचा आधार होता. तो तासाभरात वाळे, एका हातात भिंत झाकत असे, आणि त्याच्यासोबत लाकडी मुठीचा रोलरही विकला जाई. १९४८ मध्ये क्लीव्हलंडच्याच ग्लिडन कंपनीने लॅटेक्स रंग आणला. रोलर हे भिंतीच्या इतिहासातलं फार निर्णायक अवजार आहे असं मला वाटतं. कुंच्याला कड धरून पट्टा ओढणं सहज जमतं. रोलरला ते जमत नाही, त्याला सगळी भिंत हवी असते. भिंतीचे खालचा आणि वरचा असे दोन भाग करणं आता जास्तीचं काम ठरलं. एक खोली, एक रंग हा नियम झाला.

पांढरा आणि लाल आतूनही बदलले. आजचा पांढरा टायटॅनियम डायऑक्साइडचा. तो पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वेत आणि अमेरिकेत कारखान्यात बनू लागला आणि त्याने सफेद्याला हटवलं. ओहायोच्या उत्तर टोकाला, ईरी सरोवराकाठच्या अ‍ॅश्टाब्युलात त्याचा मोठा कारखाना आहे. त्याचा कच्चा माल म्हणजे इल्मेनाइटसारखी खनिजं, आणि इल्मेनाइट म्हणजे रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळीभोर दिसणारी वाळू. मालगुंडच्या काळ्या वाळूत आजच्या पांढऱ्या रंगाचं बीज आहे. लाल रंगाची पूडही आता मुख्यतः कारखान्यातून येते. १९२५ मध्ये जर्मनीत ॲनिलिन बनवताना उरणाऱ्या लोखंडाच्या गाळापासून रंग काढण्याची लाउक्स या रसायनशास्त्रज्ञाची रीत आली. पण रसायन तेच राहिलं. डब्यातला मातकट रंग आजही बहुतांशी गंजच असतो.

हाच डबा मुंबईतही पोहोचला. १९४२ मध्ये चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली, आणि १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी काढलेला गट्टू नावाचा मुलगा हातात कुंचला घेऊन दुकानांच्या पाट्यांवर आला. डिस्टेंपरने चाळींतल्या खोल्या पिस्ता, गुलाबी, आकाशी झाल्या. चुना गरिबीची खूण ठरला, गेरू खेड्याची. तिथून अमेरिकेला गेलेल्या माणसाने ही दोन्ही नावं मागे ठेवली आणि तिथे तेच रंग अ‍ॅलाबास्टर आणि कॅव्हर्न क्ले होऊन त्याच्यापुढे आले.

डब्लिनच्या उजेडात

१९७० मध्ये डब्लिनची वस्ती हजाराच्याही आत होती. २०२० च्या जनगणनेत ती ४९ हजारांपुढे गेली. त्यामुळे इथली बहुतेक घरं १९७८ नंतरची आहेत आणि शिशाची भीती कमी आहे. जुन्या गावठाणात घर असेल तर मात्र कुठलाही रंग खरवडण्याआधी त्याची शिशासाठी तपासणी करून घ्यावी. भिंती जिप्समच्या पाट्यांच्या आहेत, सपाट आणि कोरड्या. तिथे पागोळ्या नाहीत, लाल चिखल नाही. मग जुनी वाटणी इथे कशाला, असं कुणी विचारेल.

उत्तर उजेडात आहे. रत्नागिरी साधारण १७ अक्षांशावर, डब्लिन ४० वर. २१ डिसेंबरला दुपारी रत्नागिरीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ५० अंश वर असतो, डब्लिनचा २६ अंशांच्या आसपास. दिवस सव्वानऊ तासांचा आणि तोही बहुधा ढगाळ. अशा उजेडात पांढऱ्याची गरज कोकणापेक्षा जास्त आहे. भिंत किती प्रकाश परत देते याचा आकडा कंपन्या शून्य ते शंभरात देतात. अ‍ॅलाबास्टरचा तो ८२ आहे. मातकट रंगाचा त्याच्या मानाने फार खाली असतो. चारही भिंती मातकट केल्या तर जानेवारीत दुपारी दोनला दिवे लावावे लागतील. आणि संधिप्रकाशात आपल्या डोळ्यांना लाल आधी काळवंडलेला दिसतो, निळसर आणि पांढरे मागून. हे पुर्किंये या शास्त्रज्ञाने दोनशे वर्षांपूर्वी टिपलं. म्हणजे दिवस मावळताना गेरू आधी मावळतो. उत्तरेच्या खिडकीतून बर्फावरून आलेला निळसर उजेड त्याला तपकिरी करतो, रात्रीचा पिवळा दिवा त्याला फुलवतो. रंगाच्या नमुन्यावरून हे कळत नाही. दोन हात लांबीच्या पुठ्ठ्यावर रंग लावून तो सकाळी, संध्याकाळी आणि दिव्याखाली पाहावा लागतो.

पण चारही भिंती पांढऱ्या ठेवल्या तर घर बर्फाचंच पुढचं अंगण होतं. तिथे गेरू हवाच, आणि तो हवा तिथे जिथे माणूस असतो: जिन्याच्या कडेला, जेवणाच्या टेबलामागे, बूट काढायच्या जागेपाशी, देवघराच्या मागे. एक अख्खी भिंत गडद करायची इथली रीत बरी आहे, पण कंबरेपर्यंतचा पट्टा तिच्याहून शहाणा आहे. वरचा पांढरा उजेड सांभाळतो आणि खालचा लाल स्पर्श सांभाळतो. आणि ही मांडणी या भूमीला परकी नाही. कोलोरॅडोतल्या मेसा वर्दे इथे, कड्याच्या कपारीत बाराव्या-तेराव्या शतकात पुएब्लो लोकांनी बांधलेल्या क्लिफ पॅलेसमध्ये एका खोलीची भिंत अजून तशीच आहे: खाली लाल माती, वर पांढरा हात, आणि लालाच्या वरच्या कडेला त्रिकोणी शिखरं. त्यांना कोकण माहीत नव्हतं, आपल्याला मेसा वर्दे माहीत नव्हतं. दोघांच्या घरात मुलं होती, दोघांची दारं लहान होती, आणि दोघांच्या पायाखाली लाल माती होती.

परदेशातल्या घरात आपलं काय न्यावं हा प्रश्न प्रत्येक स्थलांतरिताला पडतो. रंगाची छटा नेण्यात अर्थ नाही, ती कुठल्याही दुकानात मिळते. न्यायची आहे ती छटांची वाटणी, म्हणजे कुठला रंग कुठे आणि कशासाठी हे ज्ञान. त्यासाठी फार काही लागत नाही. वरच्या भागाला चमक नसलेला पांढरा, खालच्याला पुसता येईल असा किंचित चमकदार गेरू आणि मध्ये चिकटपट्टी लावून ओढलेली एक सरळ रेघ. रेघेची उंची मोजपट्टीने ठरवू नये. घरातलं सर्वांत लहान मूल भिंतीशी उभं करावं, त्याला हात वर करायला सांगावं आणि तो जिथवर पोहोचेल तिथवर गेरू द्यावा.